थोरलीचा एकच टोल

पदनाम: मनोरा-परिचर (घंटा). नेमणुकीचे ठिकाण: नगरपालिकेचा घड्याळी मनोरा. कर्तव्ये: ठोके वेळेवर देणे, दोर सुस्थितीत राखणे, कबुतरांना परावृत्त करणे. वर्तणूक: समाधानकारक. श्रवणशक्ती: तपासणी प्रलंबित. निवास: मनोऱ्याच्या पायथ्याची खोली, पद असेपर्यंत.

गाव त्यांना टोलनाना म्हणे. श्रवणशक्तीच्या तपासणीला ते वेळेवर गेले होते. तिथे त्यांना मोठ्याने हाक मारण्यात आली, ती ऐकू न आल्यामुळे गैरहजेरी लागली. बाकी सगळं सुरळीत होतं. मग मनोऱ्याची तुळई कुजली.

घंटा उतरवून बागेत ठेवाव्यात आणि त्यांच्या जागी यंत्र बसवावं, असा ठराव झाला. यंत्र म्हणजे खाली एक पेटी आणि वरच्या खिडक्यांतून चारी दिशांना चार भोंगे. पेटी सूर तयार करत नाही, साठवते. त्यासाठी एकेक घंटा वाजवून तिचा आवाज टिपून घ्यायला एक ध्वनी-अभियंता आला.

"घंटेचा आवाज एक नसतो, नाना," त्याने समजावलं. "लोलक आपटतो तो ठणका वेगळा, खालची घुमी वेगळी, आणि मधे एक सूर जरा रडवेला असतो. ठणका लगेच जातो, घुमी कितीतरी वेळ रेंगाळते. ती कापली की घंटा पातेल्यासारखी वाजते."

नानांना त्यातलं पातेलं तेवढं पोचलं. जेवण झालंय, असं त्यांनी सांगितलं.

शेजारच्या गावाने स्वस्तातलं यंत्र घेतलं होतं. ते वाजलं की लोक दार उघडायला उठत. म्हणून आमच्या अध्यक्षांनी करारात घालून घेतलं होतं: शेवटच्या टोलाची घुमी पूर्ण विरेपर्यंत ऐकू आली पाहिजे.

इकडे पद जाणार म्हणजे खोली जाणार. नानांच्या बायकोच्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरातली मागची खोली देऊ केली होती. मेहुणा सज्जन होता, पण पाहुण्यांच्या मागोमाग फिरून दिवे मालवायचा. पाहुणा खोलीत असला तरी.

"तुझ्या भावाचं घर म्हणजे स्वर्ग गं," नाना बायकोला म्हणाले.

"म्हणजे जिवंतपणी यायचा विचार दिसत नाही," ती म्हणाली.

धाकट्या घंटा बिनतक्रार टिपून झाल्या. सगळ्यात मोठी, थोरली, मात्र अवघड होती. तुळईची अवस्था पाहून तिला एकच टोल मंजूर झाला होता. अभियंत्याने ध्वनिग्राहक लावले, मी हात वर करीपर्यंत गप्प राहा अशी खूण केली आणि कान वाचवायला तो बोळे घालून मजलाभर खाली, जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसला. नानांनी टोल दिला.

जन्मभर थोरलीखाली उभं राहून त्यांच्या कानांना ठणका तेवढा उरला होता. घुमी कधीच निघून गेली होती. ठणका संपला म्हणजे घंटा संपली, या समजुतीने त्यांनी तिच्याशी चार शब्द बोलून घेतले. हळू आवाजात, असं त्यांचं मत. खाली टिपणयंत्राचा काटा जरा थरथरला. अभियंत्याने तो कबुतराच्या खात्यावर टाकला. नंतर त्याने सुरुवात ऐकून पाहिली, उत्तम होती. शेवट जेवणानंतर ऐकू म्हणाला. जेवण चांगलं झालं, शेवट राहिला.

उद्घाटन भर दुपारी, एकच्या ठोक्याला. मेहुणा गाडी घेऊन आला होता. नानांची खाट आणि ट्रंक तिच्यात चढली होती. अध्यक्षांनी कळ दाबली. थोरली वाजली, अगदी हुबेहूब. लोकांचे डोळे पाणावले. घुमी विरत विरत चालली, आणि तिच्यातूनच चारी दिशांनी आकाशातून आवाज आला:

"सुटलीस गं बाई तू! मी चाललो मेहुण्याच्या घरी, अंधारात चाचपडत मरायला!"

नाना टाळ्या वाजवत होते. "झकास! अगदी तीच!"

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "स्वर्ग म्हणत होतात ना?"

"हो हो, निघूच या."

मेहुण्याने खाट उतरवली, ट्रंक उतरवली, दोन्ही नीट पायरीशी ठेवली आणि रिकामी गाडी घेऊन तो गेला.

"मला कधी बोललात असं, गं बाई म्हणून?" बायको म्हणाली. "त्या सवतीला बोललात! गावादेखत!"

"काय?"

"काही नाही. खाट आत घ्या."

दोन वाजता आकाश दोनदा बोललं. बाराला तर मेहुणेपीडितांचा मोर्चा निघाला असता. संध्याकाळच्या आत बैठक भरली. अभियंता म्हणाला, पुढच्या टोलाने मागच्याचं शेपूट दाबता येईल, पण शेवटच्याला कोण दाबणार? नानांचा आवाज खरवडून काढावा तर घुमीही जाते; घुमी कापावी तर करार मोडतो. पुन्हा टिपावं म्हटलं तर थोरली बागेत चौथऱ्यावर बसलेली, आणि बसलेली घंटा वाजत नाही. शेवटी अध्यक्षांनीच पळवाट काढली. करार यंत्राला बांधतो, माणसाच्या हाताला नाही. घुमी विरत असते आणि नाना सुरू होणार, नेमक्या त्या क्षणी कोणीतरी हाताने आवाज उतरवायचा. तेवढ्यासाठी एक पद.

नानांनी अर्ज केला. श्रवणशक्तीची तपासणी प्रलंबित निघाली. मग बायकोने केला.

"यंत्राचा काही अनुभव?" अध्यक्षांनी विचारलं.

"यंत्राचा नाही. ह्यांना वेळेवर गप्प करण्याचा आहे."

पदनाम: ध्वनी-नियंत्रक. नेमणुकीचे ठिकाण: वरीलप्रमाणे. निवास: मनोऱ्याच्या पायथ्याची खोली, पद असेपर्यंत. अवलंबित: पती, एक. वर्तणूक: समाधानकारक. साप्ताहिक सुट्टी: रविवार.

रविवारी मेहुणा खिडक्या लावून घेतो.