दोन हात जास्त

इब्रामपूरच्या त्या लोहाराचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानेही माझी अक्कल विचारली नाही, ती त्याला दिसतच होती. शेतातली रानडुकरं हाकलायला वडिलांची ठासणीची बंदूक होती. तिचा जड चाप हलका कसा करायचा, ते मी त्याच्याकडे शिकायला गेलो होतो.

घोडा अडकतो त्या खाचेवर दोनच हात मार, असं सांगून त्याने कानस दिली आणि विडी पेटवली. मी मन लावून खाच आरशासारखी गुळगुळीत केली. त्याने घोडा चढवून रिकामी बंदूक माझ्या हातात दिली.

"आता पाय आपट."

आपटला. घोडा आपोआप पडला.

"डुकर वाचलो," तो शांतपणे म्हणाला. "तुझो पाय गेलो."

पुढचे आठ दिवस मी फक्त भाता ओढला. अजूनही बंदूक हातात घेतली की आधी पाय मोजतो.