हासळीमागचा ठिपका

हॉस्पिटलच्या नोकरीचा अर्ज चौदा पानांचा होता आणि तो भाचीनेच छापून आणला होता. "मावशी, आता नाही म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणारच नाही," असं म्हणून तिने तो जेवणाच्या टेबलावर आपटला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि चहा ठेवायला उठल्या. अंगावर मोठं काम आलं की आधी चहा ठेवायचा, ही त्यांची जुनी सवय.

तेवीस वर्षं त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या आतलं पाहिलं होतं. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी. बरोबरचे डॉक्टर त्यांना प्रेमाने घुबड म्हणत आणि त्यांनाही ते मनापासून पटे. रेडिओलॉजिस्टला पेशंट ओळखत नाहीत. टाके घालणाऱ्याला पेढे मिळतात, टाके कुठे घालायचे ते सांगणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. थोरल्या बहिणीला मात्र धाकटीचं कोण कौतुक! "आमच्या घरात डॉक्टर आहे," हे ताई भाजीवालीलासुद्धा ऐकवायची. परिणाम व्हायचा तोच झाला. कुणाचा गुडघा दुखला, पाठवा फोटो. चुलतभावाच्या शेजाऱ्याच्या सासूचा खांदा निखळला, पाठवा फोटो. अख्ख्या गोतावळ्याची हाडं डॉक्टरीणबाईंच्या फोनमध्ये जमा होत. त्या कधी भाजी चिरता चिरता, कधी रांगेत उभ्या राहून दोन ओळींत उत्तर देत आणि लोक त्यावर निर्धास्त होत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. "डोळे थकले," असं त्या सगळ्यांना सांगत. तोवर ताई गेली होती, ताईचा नवरा तर मुलगी चार वर्षांची असतानाच गेला होता, म्हणून भाची मावशीकडे राहायला आली. आल्या दिवसापासून तिने मावशीच्या डोळ्यांचा ध्यास घेतला. सकाळ-संध्याकाळ मान मागे करून ती थेंब घालायची. "हलू नकोस गं, लहान मूल आहेस का?" असं एकोणीस वर्षांची पोर पन्नाशीच्या बाईला दटावायची. थेंब साधे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून कुणीही घालावेत असे. डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, आणि पापणीवर भाचीचं बोट टेकलं की दर वेळी त्यांचा जीव कानकोंडा व्हायचा.

नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून फोन आला नसता तर हे असंच चाललं असतं. तिथल्या विभागप्रमुखांची जुनी ओळख. "बाई, साडेसातशे फिल्म न वाचता पडल्यात," ते म्हणाले. "पेशंट दीड-दीड महिना रिपोर्टची वाट बघतायत. जाहिरात दिलीय. रीतसर अर्ज करा, रीतसर मुलाखत द्या, वशिला चालायचा नाही. पण अर्ज तेवढा कराच." त्या साडेसातशेंतल्या एखाद्या फिल्मवर एखादा ठिपका दीड महिना निवांत वाढत असेल, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

मग तयारी सुरू झाली. प्रमाणपत्रं शोधली, त्यांच्या प्रती काढल्या, अनुभवाचे दाखले तारखांप्रमाणे लावले. मुलाखतीत प्रश्न तर असणारच, शिवाय दहा फिल्म दाखवणार, प्रत्येकीला दोन मिनिटं. म्हणून फिल्म बघायची जुनी प्रकाशपेटी माळ्यावरून खाली आली आणि भाची फोनवर वेळ लावून बसली. डॉक्टरीणबाई फिल्म लावत आणि मोठ्याने वाचत. आधी हाडं, मग फुप्फुसं, मग हृदय, मग कोपरे, आणि सगळ्यात शेवटी गळ्याखालच्या हासळीच्या हाडामागे. तिथे फुप्फुसाचं वरचं टोक लपलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

"पण मघाशी तुला न्यूमोनिया सापडला होता की. मग पुढे कशाला बघितलंस?" भाचीने विचारलं.

"सापडला म्हणूनच. एक सापडलं की डोळ्यांना वाटतं, झालं आपलं काम. तिथेच फसगत होते."

मुलाखत सोमवारी होती. रविवारी दुपारी भाचीने प्रश्नांचा कागद काढला, केस वर बांधले आणि आवाज जाड करून ती विभागप्रमुख झाली. "हं, बसा. पाणी घेणार? सांगा बघू, आमच्याकडेच का यावंसं वाटतं?" डॉक्टरीणबाई हसल्या. चार-पाच प्रश्न हसण्याखिदळण्यातच गेले. मग तिने वाचलं, "तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा."

बाईंनी एक सोयीची गोष्ट तयार ठेवली होती. पंधरा वर्षांपूर्वीची. एका पेशंटच्या रिपोर्टात डाव्याचं उजवं झालं होतं आणि ते वेळीच पकडलं गेलं. ती त्यांनी घडाघडा सांगितली.

भाचीने कागद खाली ठेवला. "मावशी, खरं सांगू? मला कुणी हे विचारलं ना, तर माझ्याकडे एकच उत्तर आहे."

"तू कसली चूक करणार?"

"आईचा फोटो." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ती जिन्यावरून पडली होती तेव्हा. ती फिल्म खिडकीच्या काचेला लावून फोटो मीच काढला होता, तिच्या फोनवर. वरचं टोक कापलं गेलं असणार गं. म्हणून तुला दिसलं नाही. मी नीट काढला असता तर..."

दोन वर्षं या घरात एकाच टेबलावर दोघी जेवत होत्या, आणि मावशीची चूक पोर आपल्या डोक्यावर घेऊन फिरत होती! आता "हो गं, असेल तसंच. पण तू लहान होतीस," एवढं म्हटलं की भागलं असतं. पोर रडली असती, मावशीने जवळ घेतलं असतं, आणि संध्याकाळी पुन्हा डोळ्यांत थेंब पडले असते. जगात त्यांना जवळचं असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो मोह त्यांना झाला. चांगला दोन-तीन मिनिटं झाला.

मग त्यांनी फोन घेतला आणि ताईचं नाव उघडलं. तो फोटो त्यांनी पुसला नव्हता. त्याखाली त्यांचंच उत्तर होतं, साबण घेताना दुकानाच्या रांगेतून पाठवलेलं. 'बरगडीला बारीक चीर आहे. बाकी सगळं ठीक. तीन आठवडे आराम कर.' ते वाचून ताई क्लिनिकचा लेखी रिपोर्ट आणायला गेलीच नव्हती. घरात डॉक्टर असताना कशाला जायचं? अकरा महिन्यांनी खोकला थांबेना, तेव्हा सीटी काढला. गाठ लिंबाएवढी होती आणि सगळीकडे पसरली होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "वरचं टोक आहे. तू काही कापलं नाहीस. फोटो चांगला आलाय." त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. "इथे. हासळीच्या हाडामागे. वाटाण्याएवढा ठिपका."

भाची वाकून बघत राहिली. "मला काहीच दिसत नाही."

"तुला दिसायला नकोच होतं. मला दिसायला हवं होतं. मला चीर सापडली आणि मी थांबले. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, बाळा. कधीच झालं नव्हतं."

भाचीने विचारलं, "तेव्हा दिसलं असतं तर आई वाचली असती?"

"नक्की सांगता येत नाही. पण तेव्हा तो काढता आला असता."

भाची उठली. फोनवरची वेळ तिने बंद केली, प्रश्नांच्या कागदाची नीट घडी घातली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिने ते अगदी हलकेच लावलं. त्या संध्याकाळी थेंब घालायला कुणी आलं नाही. सकाळी डॉक्टरीणबाई उठल्या तेव्हा ती कॉलेजला निघून गेली होती. दाखल्यांची फाइल टेबलावर होती तशीच होती.

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. मधे विभागप्रमुख, डावीकडे एक सर्जन, उजवीकडे कार्यालयातल्या बाई. तिसराच प्रश्न हातून झालेल्या मोठ्या चुकीबद्दलचा आला. डॉक्टरीणबाईंनी डाव्या-उजव्याची गोष्ट सांगितली नाही. फोनवरचा फोटो, दुकानाची रांग, बरगडी आणि हासळी, सगळं त्यांनी रिपोर्ट वाचावा तसं सरळ सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ती माझी सख्खी बहीण होती."

सर्जनने पेन खाली ठेवलं. "तुमची चूक झाली होती, हे घरच्यांना सांगितलंत?"

"तिची मुलगी माझ्याकडे असते. तिला सांगितलं."

"कधी?"

"काल दुपारी."

"मग? काय म्हणाली ती?"

"अजून काही बोललेली नाही."

विभागप्रमुखांनी पडद्यावर पहिली फिल्म लावली. "दोन मिनिटं, बाई."

छातीची फिल्म होती. उजवीकडच्या बरगडीला चीर, शिकाऊ पोरालाही दिसेल अशी. ती त्यांनी सांगितली. मग फुप्फुसं, हृदय, कोपरे. मग त्या हासळीमागे गेल्या. तिथे काही नव्हतं, दोन्ही बाजू स्वच्छ होत्या आणि तसं त्यांनी सांगितलंही. वेळ संपल्याची घंटा झाली, विभागप्रमुखांनी पुढची फिल्म लावायला हात पुढे केला. "जरा थांबा हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हासळीमागच्या त्या स्वच्छ जागेकडेच बघत राहिल्या.