मोऱ्याच्या नावचं टपाल

वरवर दिसणाऱ्या एकाही गोष्टीवर विश्वास न ठेवता आयुष्यभर आनंदात राहिलेला माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या वहिनीचे वडील, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. राहणार डोणगाव. नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची. गाडीत वरचा कापूस नेहमीच पांढराशुभ्र असतो, म्हणून ते कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढत आणि मगच प्रत ठरवत. नोकरी संपली, हात थांबला नाही. पंगतीत ते परातीच्या तळातली जिलेबी मागून घेत. वहिनीसाठी आमचं घर पाहायला आले, तेव्हा बैठकीत न बसता थेट गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने परतले आणि म्हणाले, "ढोरं भेत नाहीत. मानसं चांगली असतीन." मग चहा घेतला.

बीटी कापसाच्या नावाने बियाण्याची बोगस पाकिटं खपत होती, तेव्हाची गोष्ट. साखरखेर्ड्यात बियाणं उगवलं नाही ही बातमी डोणगावात पोहोचली, तोवर तीच पाकिटं डोणगावच्या शेतांत पेरून झाली होती. पुढच्या हंगामात असं होऊ नये, म्हणून आम्ही काही गावांतल्या कापूसवाल्यांचा ईमेल गट काढायचं ठरवलं. एकाने लिहिलं की सगळ्यांना जावं, आणि मेहकरच्या सायबर कॅफेत सलीमभाईंनी ते छापून गावोगाव पाठवावं. त्यासाठी इंटरनेटवरची कोणती ईमेल सेवा घ्यायची, एवढंच ठरायचं होतं. मी ते काम मामाजींकडे दिलं. पेरणी तोंडावर आली तरी ते ठरलं नाही.

मामाजींची पद्धत अशी. प्रत्येक सेवेत ते आपल्या एकेका बैलाच्या नावाने सभासद झाले. हिऱ्या, शेऱ्या, मोऱ्या. प्रत्येकाची पेटी वेगळी. पुढे ज्या बैलाला जाहिरात येईल, त्या सेवेने पत्ता विकला, हे उघड. एका सेवेने सभासदाचं वय विचारलं. सलीमभाई म्हणाले, "मामाजी, अठरा पूरे होना. बैल अठरा साल का कहाँ से लाऊँ?"

"मंग मायं वय टाक. त्याच्यापायी मीच त राबलो."

पहिली सेवा फुकट होती. बोगस बियाण्याबद्दल चाचणीचं पत्र पाठवलं, तर त्याच्या तळाशी बियाण्याचीच जाहिरात चिकटून आली. मामाजी म्हणाले, "आपल्याच गाडीत त्याईचा माल नेऊन राह्यले." दुसरीचं पहिलं पान देखणं होतं. आठवडाभरात शेऱ्याला पत्र आलं: प्रिय शेऱ्या, आपल्यासाठी खास क्रेडिट कार्ड.

आमच्यातले लोक चिडले. मीही म्हणालो, "मामाजी, कोणतीही घ्या. पाऊस थांबणार नाही."

"नावं बाहेर गेली त पाकीटवाल्याले आयते गिऱ्हाईक. आपनच त्याले दार दाखवाचं काय? मोऱ्याची वाट पाय."

मोऱ्याला काही आलं नाही. तीच सेवा घेतली. ती साधी होती, आणि गट सोडायचा असेल तर एका ओळीत सोडता येत होता. त्याच आठवड्यात देऊळगाव राजाहून पत्र आलं: अमुक रंगाच्या पाकिटातलं बी भिजत घातलं, मोड आले नाहीत. सलीमभाईंनी ते छापून दुपारच्या एसटीने डोणगावला पाठवलं. बियाण्याच्या दुकानासमोर रांग लागली होती. मामाजींनी कागद मोठ्याने वाचला. रांग मोडली. दुकानदार म्हणाला, "काऊन हो, मायाच धंद्यावर?" मामाजींनी त्याच्या पाकिटांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं एक काढून रंग ताडून पाहिला आणि त्यालाच परत दिलं.

पुढे दरवेळी भेटले की, किंवा मी फोन केला की, त्यांचा पहिला प्रश्न असे, "मोऱ्याले काही आलं काय?" बैल केव्हाच गेला होता, प्रश्न पेटीबद्दल होता. मी नाही म्हणायचो. ते मान हलवत आणि मग घरच्यांची चौकशी करत.

मामाजी गेले. गट आता मी सांभाळतो. सेवेकडून अधूनमधून विचारणा येते: पुढील सभासद पत्रं उघडत नाहीत, वगळायचे का? पहिलं नाव मोऱ्याचं असतं. मी ते राहू देतो. परवा त्याची पेटी उघडून पाहिली. आमच्या गटाच्या पत्रांखेरीज तिच्यात काही नव्हतं. तळापर्यंत पाहिलं. सवयीने डोणगावचा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत फोन ठेवला.