माझ्या सहीने पास झालेला सिनेमा

आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये पोरांना कुठलाही सिनेमा दाखवायचा असला, की आधी मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने तो बघून पास करायचा, अशी रीत आहे. त्यासाठी एक वही आहे. वहीत चार रकाने: जादूटोणा, मारामारी, अंगचटीचे प्रकार, देवाची थट्टा. चारही ठिकाणी "नाही" लिहून खाली सही केली की झाला सिनेमा पास. कित्येक वर्षं ती सही माझीच असते, कारण बाकीच्यांना वेळ नसतो आणि मला, सगळ्यांच्या मते, भरपूर असतो. शाळेत मी फार गेले नाही, पण सिनेमात वाईट काय ते ओळखायला शाळा कशाला लागते, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणते, बरं का.

या उन्हाळ्यात सुट्टीच्या शिबिरासाठी एक कार्टूनचा सिनेमा आला. बाप आणि लेक उडत्या होडीत बसून हरवलेलं बेट शोधायला निघतात. मी तो दुपारी सुनेच्या मोबाइलवर बघितला. नात शेजारी झोपलेली, म्हणून आवाज बंद ठेवला आणि डाळ निवडत निवडत चित्रं पाहिली. राक्षस नाही, मंत्र नाही, रक्ताचा थेंब नाही. लेक बापाच्या गळ्यात पडते ते पाहून मला भरूनसुद्धा आलं. चार वेळा "नाही" लिहिलं, सही ठोकली.

पाप डोळ्यांना दिसतं असं मी धरून चालले होते. ते कानांनी आत आलं.

रविवारी हॉलमध्ये पडदा लावला. प्रोजेक्टर नेहमी माझा मुलगाच चालवतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, यंत्रं त्याच्या हाताखाली मुकाट चालतात. फक्त बोलताना तो अडखळतो, अगदी लहानपणापासून. आणि त्या सिनेमातला बापही अडखळणारा निघाला. समोर साप आला की तो "सा-सा-सा" करत राहतो, लेक त्याचा शब्द पुरा करते आणि हॉल हसतो. होडी बुडायला लागली की पुन्हा तेच. दर पाच मिनिटांनी तेच. सगळ्यांत मोठ्याने हसत होती माझी आठ वर्षांची नात. मी मागे वळून पाहिलं, तर मुलगा खाली वाकून एक वायर नीट करत होता. वायरला काही झालेलं नव्हतं.

शेवट तर ऐकाच. बाप लेकीचा जीव वाचवतो आणि एकदम घडाघडा भाषण करायला लागतो. बरा झाला म्हणे! म्हणजे इतकी वर्षं तो काय आळसाने अडखळत होता? माझ्या लेकरासाठी मी डॉक्टर केले, गुडघे टेकून रडले, नको नको ते उपाय केले. देवाने त्याला चांगलं काम दिलं, चांगली बायको दिली, जिभेची ती गाठ मात्र सोडवली नाही, आणि का सोडवली नाही ते मी देवाला विचारायचं सोडून दिलं. आणि ही सिनेमावाली माणसं बक्षीस वाटावं तसा चमत्कार वाटून मोकळी.

खरा घाव संध्याकाळी बसला. आम्ही राहतो हिंदी मुलखात, म्हणून घरी दिवसभर हिंदी चालते. संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो. आमचे हे गेल्यावर वाचन मुलाकडे आलं. तो एका शब्दावर थांबला की आम्ही सगळे थांबतो, कुणी शब्द पुरवत नाही. पाहुणा आला तरी त्याला आधी सांगून ठेवतो. त्या संध्याकाळी तो थांबला आणि नातीने शब्द पुरा केला, त्या कार्टूनमधल्या पोरीच्या आवाजात.

मुलगा हसला. पुस्तक तिच्या हातात दिलं. "आता तू-तूच वाच, बाळ."

दुसऱ्या दिवशीही तिनेच वाचलं, तिसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, तरी त्याने पुस्तकाला हात लावला नाही.

बालाजी घाटाकडे माझी एक मैत्रीण राहते, निवृत्त मास्तरीण. मराठी बोलायची भूक लागली की मी तिच्याकडे जाते. तिच्यापुढे सगळं ओकले. ती म्हणाली, "अहो, सही तुमची ना? मग खोडायलाही तुम्हीच जायचं." सिनेमा शिबिराच्या समारोपाला पालकांसमोर पुन्हा दाखवणार होते. मी सही खोडायला निघाले हे मुलाच्या कानावर गेलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की त्याचं नाव कुठे घ्यायचं नाही.

म्हणजे भांडायचं, पण कशासाठी ते सांगायचं नाही.

मी चर्चमध्ये गेले, तर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, वही पुढे केली. "आंटीजी, चारों में 'नहीं' आप ही ने लिखा है।"

मी म्हटलं, लिहिलं, आता खोडते. ते म्हणाले, कार्टून तर आहे. मी म्हटलं, आईबापाचा मान राख ही पाचवी आज्ञा कार्टूनला लागू नाही का? पोरांना बापावर हसायला शिकवायचं आणि वर त्याला कुटुंबाचा सिनेमा म्हणायचं, हे कुठल्या मंडळीत बसतं? मग त्यांना खुर्चीवर बसवून तो सिनेमा लावायला लावला, आवाज मोठा करून. साप येऊन गेला, होडी बुडाली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. माझ्या मुलाला ते चांगले ओळखतात. मी नाव घेतलं नाही, त्यांनीही घेतलं नाही. सिनेमा रद्द झाला. वहीत मी पाचवा रकाना आखला: आईबापाची थट्टा.

नातीला मी रागावले नाही, असं खोटं लिहिणार नाही. चांगली रागावले. ती रडत म्हणाली, "पण आजी, सिनेमातल्या त्या पप्पांना तर आवडायचं. ते दर वेळी हसायचे."

"अगं, तो चितारलेला बाप आहे. ज्याने चितारला त्याने त्याला हसवलं. आपले पप्पा का हसले, ते तू त्यांना विचारलंस का?"

तिने विचारलं की नाही, मला माहीत नाही. परवा प्रार्थनेला तिने पुस्तक आणून बापाच्या मांडीवर ठेवलं आणि ओठ घट्ट मिटून समोर बसली. त्याने वाचलं. एका शब्दावर इतका वेळ थांबला, की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊन गेली. कुणी हललं नाही. शब्द आला. तीन ओळी झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं.

पूर्वी तो अख्खा अध्याय वाचायचा. पुन्हा तसा वाचेल, तोवर माझा राग काही उतरायचा नाही.