आण्णांच्या गाडीचं हलकं स्टेअरिंग

आमच्या लातूरच्या घरात चार खोल्या आहेत आणि आमचे आण्णा गाडीत झोपायचे.

घर मी बांधलं, कोचिंगमध्ये पंधरा वर्षं फिजिक्स शिकवून. (लातुरात माणूस एकतर कोचिंगला शिकतो, नाहीतर शिकवतो, उरलेले मेस चालवतात.) स्लॅबमध्ये इतकं लोखंड घातलं, की ठेकेदारानं विचारलं, "सर, वर रणगाडा ठिवायचाय का?" तरी आण्णा कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. जेवणसुद्धा बाहेर पायरीवर.

भूकंपाच्या पहाटे ते गावी रानात राखणीला होते. पळत घरी आले तर घर नव्हतं. ढिगाऱ्याखाली माझी आई आणि धाकटी बहीण होती. मी शिकायला लातूरला, म्हणून उरलो. आण्णांनी नुसत्या हातांनी दगड उपसले. दोघी निघाल्या, पण उशिरा. आण्णांची बोटं तेव्हापासून नीट मिटत नाहीत.

गाडीत ते ड्रायव्हरची सीट मागे पाडून झोपत. जमीन हलली की आम्हाला गाडीत कोंबायचं आणि उघड्या माळावर न्यायचं, हा त्यांचा बेत. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आजोबा, गाडीला पण छप्पर असतंच की."

"ते पत्र्याचं हाय, बाळा. पत्रा मानूस मारत न्हाई, धोंडा मारतो."

पुढे गाडीचं हायड्रॉलिक स्टेअरिंग गळायला लागलं. दारात तेलाची थारोळी, पंपाचं केकाटणं, आणि चाक असं जड की दळण दळल्यासारखं वाटावं. एका सकाळी पाहिलं तर आण्णा उभ्या गाडीत कोपरं लावून स्टेअरिंग वळवत होते. घामाघूम झाले होते.

"हात पुरंनात रं," ते म्हणाले. "यळ आली तर तुमास्नी न्यावं कसं?"

लातूरचे मेकॅनिक म्हणाले, नवी गाडी घ्या. नांदेडचे रहीमभाई मात्र म्हणाले, "पंप, पायपा, समदं काढून टाकतो. भंगारातल्या गाडीची इलेक्ट्रिक मोटर स्टेअरिंगच्या दांड्याला बसवतो. एका बोटानं वळंल."

गाडी आठ दिवसांसाठी नांदेडला निघाली. बेडरूमच चालली म्हटल्यावर आण्णाही गेले. तिसऱ्या दिवशी रहीमभाईंचा फोन आला.

"सर, तुमचे वालिद दुपारी गाडीतच झोपतात. उठवायची हिंमत होत न्हाई. मी काम कुठं बसून करू?"

तरी काम झालं. मोटरची ताकद कमी-जास्त करायला एक गोल बटण होतं, त्यावर लाल खूण. "खुणेच्या म्होरं नेऊ नका," रहीमभाईंनी बजावलं. "जास्ती ताकद दिली की स्टेअरिंग हिसके मारतंय. हात लागायचा उशीर, मग थांबत न्हाई."

"भाई," मी म्हणालो, "टॉर्क मी शिकवतो."

आणि घरी येऊन बटण शेवटपर्यंत फिरवलं! आण्णांनी करंगळीनं चाक फिरवलं. "लोण्यावानी हाय," म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

रविवारी दुपारी मी हॉलमध्ये पडलो होतो. आण्णा गाडीत, पंख्यासाठी किल्ली फिरवून, गाढ झोपलेले. झोपेत त्यांचा गुडघा चाकाला लागला. स्टेअरिंग डावं-उजवं थडाथडा आपटू लागलं, सगळी गाडी हिंदकळू लागली आणि आण्णा ओरडले, "भूकंप! भाईर निघा!"

भूकंपात काय करावं, हे मी वर्गात छान सांगतो. घाबरू नका, इतरांना मदत करा, वगैरे. यातलं काय काय केलं ते आठवत नाही. दारात कुणीतरी मला धडकलं, तेवढं आठवतं. भानावर आलो तेव्हा मी बनियन-टॉवेलवर रस्त्याच्या मधोमध उभा होतो. समोरच्या होस्टेलची पोरंही खाली आली होती, त्यातली दोन पुस्तक वाचत वाचत.

मग घरातून आण्णा बाहेर आले. दारात धडकलेले तेच होते. मी बाहेर पळत होतो, ते आत. एका हातानं त्यांनी माझ्या मुलीला ओढत आणलं होतं, दुसऱ्यानं बायकोला. मिटत नाहीत त्या बोटांनी दोघींची मनगटं सुटू दिली नव्हती.

"आजोबा, काहीच हलत नाहीये," मुलगी म्हणत होती. आण्णा रस्त्यावर येईपर्यंत थांबले नाहीत. तिथं मी दिसलो.

"तू कवा आलास?"

"गाडी बघायला आलो होतो," मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली. ती अजूनही कधीकधी तशी बघते.

मी जाऊन किल्ली बंद केली. आण्णा रस्त्यातच खाली बसले. दोघींच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "ह्या बारीला निघाल्या."

मला तिथं उभं राहवेना.

त्या दिवसापासून आण्णांचं अंथरूण हॉलमध्ये, नातीच्या दाराशी असतं. पहिल्याच आठवड्यात मी खुशीत येऊन म्हणालो, "गेली म्हणायची भीती, आण्णा."

"भ्या कुठं जातंय रं," ते कूस बदलत म्हणाले. "पर घरात एक तरी मानूस पायजे का न्हाई? तुझा काय भरवसा."