आग्नेय कोपरा

घराची वास्तुशांत शनिवारी ठेवली होती, कारण पूजा सांगणारे काका सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत सर्किट डिझाइन करत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, फ्रीमाँटला मराठी भटजी मिळत नसत. काकांना वडिलांनी लहानपणी शिकवलेलं बरंच पाठ होतं. उरलेलं ते कॅसेट लावून पुरं करत.

अडचण वास्तुपुरुषाची होती. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली ती बोटाएवढी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली पुरायची असते. आमच्या टाउनहाउसची जमीन म्हणजे काँक्रीटची सलग लादी होती आणि ती फोडली तर बिल्डरची वॉरंटी गेली असती. पुण्याला फोन लावला. घराबाहेर, पण कुंपणाच्या आत चालेल, असा निर्णय मिळाला. म्हणून आदल्या रविवारी नवऱ्यानं होकायंत्र घेऊन मागच्या अंगणाचा आग्नेय कोपरा ठरवला आणि खणायला घेतलं.

माती काळी, राखेसारखी होती आणि तिच्यात शिंपलेच शिंपले होते. काकांच्या बरोबर काकूही मदतीला आल्या होत्या. त्यांना हा शुभशकुन वाटला. लक्ष्मी समुद्रातूनच आली, असं त्या म्हणाल्या. त्यांनी चांगले शिंपले निवडले, धुतले आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णापुढे मांडले.

शिंपल्यांच्या खाली हाड निघालं. मग कवटी.

शेजारचा अमेरिकन गृहस्थ कुंपणावरून पाहत होता. बुजवून टाका आणि कुणाला बोलू नका, असं त्यानं सांगितलं. हा सल्ला त्यानं स्वतः कधीतरी अमलात आणला असावा, असं त्याच्या सुरावरून वाटलं. नवरा बुजवायला तयार होता. नवं घर भानगडीत अडकायला नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी मुंबईत वर्तमानपत्रात नोकरी केली होती. मी पोलिसांना फोन केला.

हाडं फार जुनी होती आणि गुन्ह्याशी त्यांचा संबंध नव्हता, असं तपासायला आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं. अशा वेळी त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या वंशजांना बोलवावं, असा कायदा नुकताच झाला होता. दोन दिवसांनी त्यांच्यातल्या एक बाई आल्या; त्या दिवशी नवरा आणि काका रजा टाकून घरी थांबले होते, काकूही होत्या. त्या टेलिफोन कंपनीत कामाला होत्या आणि लंच अवरमध्ये वेळ काढून आल्या होत्या. खड्ड्याशी त्या बराच वेळ गुडघे टेकून बसल्या. मग आत चहाला आल्या आणि त्यांना देव्हारा दिसला. शिंपले इथे कशाला, असं त्यांनी विचारलं. काकूंनी इंग्रजीत समजावलं की हे देवासाठी आहे.

बाई म्हणाल्या की हे त्यांच्या लोकांच्या जेवणातलं उरलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते याच जागी जेवले, शिंपले इथेच टाकले आणि आपली माणसंही त्याच ढिगात पुरली.

"अगं बाई, उष्टं?" काकू मराठीत म्हणाल्या आणि त्यांनी शिंपले घाईघाईनं ताटलीत काढले.

भाषा न कळताही बाई हसल्या. त्या दुपारी त्या तेवढ्या एकदाच हसल्या. पुढचं त्यांनी बातमी सांगावी तसं सांगितलं. ढीग एके काळी घराएवढा उंच होता. गोऱ्या शेतकऱ्यांनी त्याची माती शेतात टाकली, नंतर ती रस्त्यांच्या भरावाला गेली. काही माणसं प्राध्यापकांनी उकरून नेली. ती एका विद्यापीठाच्या तळघरात खोक्यांमध्ये आहेत आणि परत मागितली की अभ्यास चालू आहे, असं उत्तर येतं. नवऱ्यानं विचारलं, कोणता रस्ता? तो ऑफिसला ज्या रस्त्यानं ड्राइव्ह करत असे, तोच निघाला.

बाईंचं मागणं एकच होतं. हे माणूस होतं तिथेच परत ठेवावं आणि तो कोपरा पुन्हा कुणी खणू नये. त्यांना शिफारस करता येत होती. हो म्हणायचं की नाही, हे मालकाच्या हातात होतं, आणि कायद्याच्या दृष्टीनं मालक आम्ही होतो. एखाद्या चांगल्या दफनभूमीत हलवलं तर चालेल का, असं नवऱ्यानं विचारलं.

"ही दफनभूमीच आहे," बाई म्हणाल्या. "घर नंतर आलं."

नवऱ्यानं काकांकडे पाहिलं.

"पूजेच्या सुरुवातीला आपण म्हणतो की या जागेत आधीपासून जे राहतात, त्यांनी निघून जावं," ते म्हणाले. "संस्कृतात म्हणतो, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. इथे मला ते म्हणता येणार नाही."

"म्हणजे पूजा कॅन्सल?" नवऱ्यानं विचारलं.

"पूजा कॅन्सल. जेवण ठेव, लोकांना बोलावलंय यार."

नवऱ्यानं बाईंना हो म्हटलं.

शनिवारी सकाळी बाई दोन नातेवाइकांना घेऊन आल्या. आम्ही आत थांबून पडदे ओढून घ्यावेत, अशी त्यांनी विनंती केली. आम्ही पडदे ओढले. शिंपले काकूंनी आधीच ताटलीसकट बाहेर नेऊन दिले होते. दुपारी पाहुणे आले आणि श्रीखंड पुरलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं की जागेत कुणीतरी होतं. कोण, असं त्यांनी विचारलं. "आधीचे," नवरा म्हणाला. प्रतिमा स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये राहिली.

दशक संपता संपता नवऱ्याला दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला नोकरी मिळाली आणि आम्ही घर विकायला काढलं. पहिल्या गिऱ्हाइकाला त्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेला, गरम पाण्याचा हॉट टब हवा होता. नवऱ्यानं त्याला नाही म्हणून दारापर्यंत पोचवलं. ज्यांना घर विकलं त्यांना आम्ही कोपरा दाखवला, कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ पुढे काय निघेल, हे आमच्या हातात नव्हतं.

मी बाईंना फोन करून नव्या मालकांचा नंबर दिला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. घर विकलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, असं त्या म्हणाल्या. या गावात अशी त्यांची बरीच घरं होती.

"पुढच्या आठवड्यात लंच अवरमध्ये जाऊन येते," त्या म्हणाल्या.