पावडरकाकांचं अर्थिंग

आमच्या कारखान्यात लोखंडी खुर्च्या बनतात आणि गेली सत्तावीस वर्षं त्यांना रंग देणारा माणूस एकच आहे. त्यांना सगळे पावडरकाका म्हणतात, कारण ते ब्रशने रंग लावत नाहीत, कोरडी पावडर उडवतात. बंदुकीसारख्या यंत्रातून बाहेर पडताना पावडरीच्या कणाकणाला विद्युतभार मिळतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर सारतात, त्यामुळे त्यांचे गोळे होत नाहीत. खुर्ची हुकाला टांगलेली असते आणि हुक तारेने जमिनीला जोडलेला. असं अर्थिंग नीट असलं की पावडर आपणहून खुर्चीकडे धावते, पार मागच्या बाजूलाही जाऊन बसते. मग भट्टीत घालून ती पक्की करायची. हुकावरच जुन्या रंगाचं पुट चढलं, तर अर्थिंग बिघडतं आणि निम्मी पावडर खाली सांडते. म्हणून काका रोज सकाळी एकेक हुक कानशीने घासतात. कुणी घाई केली तर म्हणतात, "तोंड धुतल्याशिवाय चहा पितोस का? मग थांब."

यंदाच्या कोरड्या थंडीत त्यांची लेक चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली, फक्त चार दिवसांसाठी. पुढची खेप दोन वर्षांनी. नातीने एकदा आपल्या मांडीवर बसावं, एवढीच काकांची इच्छा होती.

पहिल्या दिवशी नात गालिच्यावरून धावत आली, काकांनी तिच्या नाकाला बोट लावलं आणि चट् झालं. ती रडत आजीच्या मागे लपली. दुसऱ्या दिवशी बिस्किट देताना तेच. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "आबा चावतात." त्यानंतर ती त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जाऊ लागली.

"सत्तावीस वर्षं पावडर उडवलीत, तीच आता अंगातून बाहेर पडतेय," काकांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या.

"अगं, भार असा वर्षानुवर्षं मुरत नाही. दोन वस्तू घासल्या की एकीवरून दुसरीवर जातो. दमट हवेत लगेच निघून जातो, कोरड्या हवेत अंगावर राहतो, इतकंच."

"मग काढा की तो. पोर उद्या सकाळी जाणार."

काकांना हे कारखान्यातल्यासारखंच काम वाटलं. त्यांनी तांब्याची तार घेतली, एक टोक उघड्या घोट्याला गुंडाळलं, दुसरं स्वयंपाकघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपला. तार पुरेना, तेव्हा दारातच खुर्ची टाकून बसले. वहिनी दोनदा तारेला अडखळल्या.

नात लांबून बघत होती. "आबांना बांधून का ठेवलंय?"

"चावतात म्हणून," वहिनी म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पडला. बराच वेळ ती गालिच्यावर इकडून तिकडे फिरत राहिली. मग तिने धीर केला, धावत आली आणि आबांच्या हाताला बोट लावलं.

चट्.

या वेळी ती रडलीही नाही. तशीच मागे गेली आणि आईच्या कुशीत तोंड घालून बसली. वहिनींचं हसू मावळलं. काकांनी तारेकडे पाहिलं, मग पोरीच्या पायांकडे.

"मी खुर्ची झालो गं," ते म्हणाले.

"आता हे काय नवीन?"

"पोरीच्या पायात नायलॉनचे मोजे, खाली लोकरीचा गालिचा. घासून घासून भार तिच्या अंगावर चढतोय आणि मी स्वतःलाच अर्थिंग करून बसलोय. मग उडी माझ्यावरच पडणार. पावडर ती आहे, मी नव्हे."

"सत्तावीस वर्षांनी कळलं."

"टॉवेल ओला करून आण. चांगला पिळून."

भार एका टोकावरून, एका क्षणात उडाला तरच चटका बसतो. ओल्या कापडातून, पसरलेल्या तळव्यातून तो हळूच उतरतो, कळतही नाही. काकांनी टॉवेलचं एक टोक धरलं आणि दुसरं लेकीकडे टाकलं. लेकीने ते मुलीसमोर धरलं. "ओढ बघू आबांना. दोन्ही हातांनी."

नातीने आधी डोळे मिटले, मग टॉवेल धरला. एक डोळा उघडला.

"चावलं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग ओढ की. जेवली नाहीस का?"

तिने ओढलं. काका मुद्दाम पुढे झुकले, थोडे हरले, मग मूठ-मूठ टॉवेल आपल्याकडे घेऊ लागले. ती टॉवेल न सोडता गालिच्यावरून दारापर्यंत आली. मग काकांचा अंगठा तिच्या बोटांना लागला. काहीच झालं नाही. तिने स्वतःच पुन्हा एकदा लावून पाहिला.

"आता सोडा आबांना," तिने आजीला फर्मावलं आणि पहारा द्यावा तशी त्यांच्या मांडीवर चढून बसली.

ओल्या टॉवेलचं पाणी काकांच्या पँटवर झिरपत होतं. वहिनी तारेची गाठ सोडायला वाकल्या, तर काकांनी मानेनेच नको म्हटलं.